‘बरें दिसता’ म्हणण्याआधी आणि नंतर

फोंड्यात वरच्या बाजारात माझं फ्रेमचं दुकान आहे. सव्वीस वर्षं झाली. गिऱ्हाईक चित्र घेऊन आलं की एक प्रश्न मी मुद्दाम टाळतो : ‘कित्याक?’ म्हणजे, का आवडलं? (दुकानात बोलणं सगळं कोंकणीतच चालतं, इथे मराठीत लिहितोय.) हा प्रश्न विचारला की माणूस वर्गात उभं केल्यासारखा ताठ होतो आणि काहीतरी शहाण्यासारखं बोलतो. ‘रंगसंगती छान आहे.’ ‘पॉझिटिव्ह वाटतं.’ ‘सोफ्याला मॅच होतंय.’ मग त्या उत्तराला शोभेल अशी फ्रेम निवडतो, पैसे देतो, आणि वर्षभरात ते चित्र कपाटामागे भिंतीकडे तोंड करून उभं असतं.

मी स्वतः हेच केलंय. घर बांधलं तेव्हा हॉलसाठी दूधसागरचा फोटो कॅनव्हासवर छापून घेतला, चार फूट बाय अडीच. घरच्यांना पाच कारणं दिली : आपल्या गोव्याचा आहे, वाहतं पाणी शुभ, भिंत मोठी आहे, पांढरा रंग कुठेही खपतो, आणि प्रिंट ओळखीत स्वस्त पडतेय. त्याच दिवशी एका कला महाविद्यालयातल्या पोराने विकायला ठेवलेलं छोटं जलरंगातलं चित्र हातात होतं. पावसात भिजलेली चिऱ्यांची भिंत आणि एक बंद दार. बघत राहिलो, पण एकही कारण सुचलं नाही म्हणून घरी नेलं नाही. दूधसागर दीड वर्षात माळ्यावर गेला. ते चित्र मात्र मीच शेवटी विकत घेतलं आणि दुकानात, काच कापायच्या टेबलावर लावलं. अजून तिथेच आहे.

हे माझ्या एकट्याचंच खूळ नाही हे नंतर वाचनातून कळलं. १९९३ साली व्हर्जिनिया विद्यापीठातल्या टिमथी विल्सन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना पोस्टर निवडून घरी न्यायला सांगितलं. एका बाजूला मोने, व्हॅन गॉग यांची चित्रं, दुसऱ्या बाजूला प्राण्यांची गमतीदार पोस्टर्स. काही जणांना निवडीआधी आवडीनिवडीची कारणं लिहायला लावली, बाकीच्यांना नाही. कारणं लिहिणाऱ्यांपैकी जास्त जण गमतीच्या पोस्टरांकडे वळले. तीन आठवड्यांनी विचारपूस केली तर आपल्या निवडीवर तेच कमी खूश होते. विल्सनचं म्हणणं असं की, जी कारणं सहज शब्दांत सापडतात तीच आपण खरी धरतो. मांजराच्या चित्राखालच्या विनोदाचं कारण देता येतं, मोनेच्या पाण्याचं पटकन देता येत नाही.

मग चित्र का आवडतं हे शोधूच नये का? शोधावं. पण निवड झाल्यावर, आणि तेही तोंडाला न विचारता डोळ्यांना विचारून. मी ‘कित्याक’ ऐवजी ‘कितें’ विचारतो. काय दिसलं? पहिल्यांदा काय, मग काय, परत परत नजर कुठे गेली? त्याची रीत पुढे सांगतो. दुकानात नसाल तरी घरी किंवा प्रदर्शनात करता येईल अशीच आहे.

आधी वेळ द्या. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये प्रेक्षक एका चित्रासमोर किती वेळ थांबतात हे मोजलं होतं. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेला आकडा सरासरी २७ सेकंदांचा आहे, आणि निम्मे लोक १७ सेकंदांच्या आतच पुढे सरकले होते. जगातली नावाजलेली चित्रं समोर असताना ही गत. मी चित्र टेबलावर उभं करतो आणि म्हणतो, ‘काच कापून येतो, तुम्ही बघत राहा.’ काच कापायला मला अर्धा मिनिट लागतो. मी तीन मिनिटं लावतो. पहिल्या मिनिटात लोक मोबाइल काढतात. दुसऱ्या मिनिटात वाकून बघायला लागतात. तुम्ही घरी हे करणार असाल तर फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. आणि दोघं मिळून बघत असाल तर तेवढा वेळ एकमेकांशी बोलायचं नाही. नवरा-बायकोंत जो आधी बोलतो त्याचंच मत दोघांचं होतं, हे मी इतक्या वेळा पाहिलंय की आता हसूही येत नाही.

नजर कुठे जाते हे तुम्ही स्वतःला काय विचारता त्यावरही ठरतं. मॉस्कोच्या आल्फ्रेड यार्बस या संशोधकाने रशियन चित्रकार रेपिनचं एक चित्र लोकांना दाखवून त्यांच्या डोळ्यांच्या हालचाली नोंदल्या होत्या. खोलीत अचानक परत आलेला माणूस आणि दचकलेलं कुटुंब असं ते चित्र. माणसांची वयं सांगा म्हटलं की नजर चेहऱ्यांवरून फिरायची. घर श्रीमंत की गरीब म्हटलं की कपड्यांवर आणि सामानावर. चित्र तेच, पण प्रश्न बदलला की वाट बदलली. म्हणून ‘हे सोफ्यावर कसं दिसेल’ हा प्रश्न डोक्यात घेऊन चित्र बघाल तर तुम्हाला सोफाच दिसणार.

आता माझं आवडतं हत्यार. माउंट म्हणजे चित्र आणि फ्रेम यांच्या मधला पुठ्ठ्याचा पट्टा. तो कापताना चुकला की जी रिकामी चौकट वाया जाते ती समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांत कापली की दोन ‘एल’ आकाराच्या पट्ट्या मिळतात. एक दुसरीवर सरकवली की लहानमोठी होणारी खिडकी तयार. जुन्या कॅलेंडरच्या पुठ्ठ्याचीही चालते. ही खिडकी चित्रावर ठेवायची आणि एकेक भाग झाकत जायचं. प्रत्येक वेळी एकच बघायचं : जीव गेला की राहिला?

माझ्या त्या भिजलेल्या भिंतीचं सांगतो. चित्र साधारण वहीच्या दोन पानांएवढं. खालचा दोन-तृतीयांश भाग चिरे, गंजासारखे काळपट लाल, मधे गिलावा पडलेला. दार उडालेल्या हिरव्या रंगाचं. पायरीवर निळ्या चपलांचा जोड, त्यातली एक उलटी. मला वाटायचं, मला तो हिरवा आवडलाय. पहिल्यांदा त्याला फ्रेम केली तेव्हा हिरवा उठून दिसावा म्हणून मोतिया रंगाचा रुंद माउंट लावला. लावला आणि चित्र मेलं. दोनदा काच पुसली, वाटलं धूळ असेल. तिसऱ्यांदा उघडून बघतो तर माउंटखाली वरची उजवी कड गेली होती. दोन बोटं रुंदीची पट्टी, तिथे त्या पोराने रंगच लावला नव्हता, कोरा कागद सोडला होता. मग पट्ट्या घेऊन बसलो. दार झाकलं, चित्र जिवंत. चपला झाकल्या, थोडं उदास झालं, पण जिवंत. ती कोरी पट्टी झाकली की सगळे चिरे सुके आणि मातकट. डोळा एखाद्या रंगाचा उजेड एकटा मोजत नाही, शेजारच्याशी ताडून मोजतो. तो पांढरा होता म्हणून काळा ओला वाटत होता. ज्यासाठी मी ते चित्र घेतलं ते माझ्या नजरेत कधी आलंच नव्हतं. आता त्याला माउंट नाही, नुसती बारीक सागवानी पट्टी आहे, काचेला आतून थोडी उंची देऊन.

म्हणून फ्रेम निवडण्याआधी हे करा, नंतर नाही.

दुसरी चाचणी फोनची. चित्राचा फोटो काढा आणि कृष्णधवल करा. तरीही धरून ठेवत असेल तर तुम्हाला त्यातली उजेड-सावलीची मांडणी आवडलीय, आणि ते चित्र संध्याकाळच्या पिवळ्या बल्बखालीही टिकेल. सपाट झालं तर तुमची ओढ रंगावर आहे. त्यात वाईट काही नाही, फक्त भिंतीचा रंग आणि दिवा सांभाळून निवडावा लागेल. आपल्याकडच्या जुन्या देवळांतलं कावीकाम ह्या चाचणीत कधी हरत नाही. लाल आणि पांढरा, दोनच रंग; कृष्णधवल केलं तरी त्याचं जात काही नाही.

‘गोल्डन रेशो’त, म्हणजे लांबी रुंदीच्या साधारण १.६ पट ठेवून, फ्रेम करून मागणारे हल्ली वाढलेत. जर्मन संशोधक गुस्टाव्ह फेखनरने १८७६ साली आयतांवर केलेल्या प्रयोगातून ही गोष्ट पसरली. नंतरच्या प्रयोगांत ती आवड तशी ठामपणे पुन्हापुन्हा निघाली नाही. चित्राला जे माप आहे तेच ठेवा.

गुंतागुंत किती असावी, यावर डॅनिएल बर्लाइन या मानसशास्त्रज्ञाने १९७१ च्या सुमारास जे मांडलं ते गोव्याच्या माणसाला माटोळीवरून लगेच कळेल. त्याचं म्हणणं असं की चित्रात नवेपणा आणि गुंता वाढत गेला की आवड चढत जाते, एका टोकाला पोचते आणि मग उतरते. टेकडीसारखी. चवथीला गणपतीच्या वर लाकडी चौकटीला चार नारळ आणि सुपारीची चार शिंपुटं बांधली तर सासू म्हणते, ‘हे काय?’ नारळ, तोरिंगं, आंबाडे, कवंडळं, कांगलां असं एकेक वाढत गेलं की डोळा फिरायला लागतो. आणि स्पर्धेसाठी शंभर जिन्नस कोंबले की नुसता बाजार दिसतो. पण एकच माटोळी, तेवढेच जिन्नस, चौकटीच्या घरांत डावी-उजवी जुळवून बांधले की तो बाजार परत माटोळी होतो. म्हणजे गुंता मोजताना त्यातली शिस्तही मोजावी लागते. टेकडीचं टोक प्रत्येकाचं वेगळं असतं. चित्रं बघायची सवय असलेल्याला जास्त गुंता झेपतो.

माझी घरगुती कसोटी अशी, तिला शास्त्राचा आधार मागू नका : तीन मिनिटं बघून पाठ फिरवा आणि काय काय होतं ते सांगा. सगळं सांगता आलं तर लवकर कंटाळाल. काहीच सांगता आलं नाही तर त्या चित्राशी तुमची मैत्री होणं कठीण. निम्मंशिम्मं आठवलं आणि उरलेल्यासाठी मागे वळून बघावंसं वाटलं, तर घ्या.

माझे बाबा जत्रेतल्या नाटकांचे पडदे रंगवायचे. राजवाडा, जंगल, रस्ता, देऊळ. लहानपणी जवळ जाऊन बघितलं की राजवाड्याचे खांब बटाट्यासारखे आणि सावल्या थेट निळ्या. मी म्हणायचो, खांब असे नसतात. बाबा म्हणायचे, ‘शेवटच्या रांगेत बस आणि मग सांग.’ विलायानूर रामचंद्रन आणि विल्यम हर्स्टीन यांनी १९९९ मध्ये कलेची जी सूत्रं मांडली त्यातलं एक हेच आहे. समुद्रपक्ष्याचं पिल्लू आईच्या चोचीवरच्या लाल ठिपक्यावर टोच मारतं, पण चोचीऐवजी नुसती पट्टे ओढलेली काठी समोर धरली तर त्याहून जोरात मारतं, असं प्राण्यांच्या वागण्याचा अभ्यास करणाऱ्या टिनबर्गनने दाखवलं होतं. ज्या खुणेवर आपलं लक्ष जातं ती खूण फुगवून दाखवली की ओढ वाढते. मारिओ मिरांडांची माणसं बघा : टपोरे डोळे, फुगीर झगे, लांबलचक नाकं. खऱ्या बाजारातल्या माणसापेक्षा ती जास्त बाजारातली वाटतात. व्यंगचित्राला, पडद्याला, देवाच्या मूर्तीच्या डोळ्यांना हे सूत्र लागू पडतं. माझ्या भिंतीला पडत नाही, तिथे काहीच फुगवलेलं नाही. एका किल्लीने सगळी कुलुपं उघडायला निघालेल्या माणसांवर माझा फार विश्वास नाही.

तरीही चित्र निवडताना हे विचारून बघा : ह्यात काय वाढवून दाखवलंय? आकाश जास्त निळं, माड जास्त वाकलेला, डोळे जास्त ओले? वाढवलेली गोष्ट पहिल्या दिवशी फार गोड लागते. तीच रोज गोड लागेल का, हा पुढचा प्रश्न. त्यासाठी क्लिप.

क्लिपची चाचणी, म्हणजे चित्र फ्रेमआधी काही दिवस नुसतं क्लिपांवर टांगून बघणं, सगळ्यात महत्त्वाची, आणि लोक तीच टाळतात. सवयीने आवड वाढते हे रॉबर्ट झायन्सने १९६८ मध्ये दाखवलं : एखादी गोष्ट नुसती वारंवार नजरेखालून गेली तरी ती बरी वाटायला लागते. कॉर्नेल विद्यापीठातल्या जेम्स कटिंगने तर वर्गात शिकवता शिकवता, काही न बोलता, कमी प्रसिद्ध चित्रं मधूनमधून पडद्यावर दाखवली. सत्र संपेपर्यंत प्रसिद्ध चित्रांचं वरचढपण उरलं नाही. आपली लक्ष्मी डोळे मिटल्यावर कमळात उभी, चार हात, बाजूला हत्ती अशी का दिसते? राजा रविवर्म्याचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला, पुढे मळवलीला गेला, आणि त्या छापील लक्ष्म्या घरोघरी पोचल्या. आजीच्या देवघरात होती, वाण्याच्या गल्ल्यावर होती. मग दुसरी कुठलीही लक्ष्मी बघितली की ‘काहीतरी चुकलंय’ असं वाटतं.

पण सवय सगळ्याच चित्रांना तारत नाही. २०१३ मध्ये ॲरन मेस्किन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी कटिंगसारखाच प्रयोग टॉमस किंकेडच्या गोड-गोड, उजळ खिडक्यांच्या चित्रांवर केला. ती जितकी जास्त वेळा दाखवली तितकी आवड कमी झाली. तुलनेला घेतलेल्या जॉन मिलेच्या चित्रांचं तसं झालं नाही. म्हणजे वारंवार बघण्याने आवड वाढेल की विटेल, हे चित्रात काय आहे त्यावरही ठरतं. आणि हे बोलून कळत नाही, टांगूनच कळतं.

तर चित्र फ्रेम न करता दोन क्लिपांवर लावा. हॉलमध्ये नको, तिथे पाहुणे येतात आणि ‘बरें दिसता’ म्हणून जातात. स्वयंपाकघरातून बाहेर येण्याच्या वाटेवर लावा, जिथून दिवसातून वीसदा जाल. तीन आठवडे. बाहेरच्या ओल्या भिंतीवर तर पावसाळ्यात मुळीच नको, बुरशी पहिल्याच महिन्यात येते. तिसऱ्या आठवड्यात एक दिवस चित्र काढून ठेवा. जागा रिकामी टोचली तर माझ्याकडे या.

आठवणीचं प्रकरण वेगळं. एकदा एक म्हातारे गृहस्थ कॅलेंडरचं पान घेऊन आले. मांडवीतली फेरीबोट. छपाई इतकी वाईट की कठड्याला दुहेरी रेघा. त्यांना सागवानी मोल्डिंग हवं होतं, दुकानातलं सगळ्यात महाग. मी पट्ट्या काढल्या नाहीत, काय झाकणार? ते म्हणाले, ‘भाई, मी ह्या बाजूला उभा राहायचो. वारा लागतो.’ आणि बोट ठेवलं ते कागदाच्या बाहेर, टेबलावर. त्यांची जागा चित्रात नव्हतीच. २०१२ मध्ये एडवर्ड व्हेसल, गॅब्रिएल स्टार आणि नावा रूबिन यांनी मेंदूच्या स्कॅनमध्ये पाहिलं की, माणूस आपल्या आत डोकावतो तेव्हा जे जाळं कामात असतं, ते चित्रं बघताना फक्त सगळ्यात जास्त भिडलेल्या चित्रांच्या वेळी जागं राहिलं. ‘बरं आहे’ म्हटलेल्या चित्रांच्या वेळी नाही. आपल्याकडे भट्टनायक, अभिनवगुप्त या काव्यशास्त्रकारांनी हजारेक वर्षांपूर्वी याच्या पुढचा प्रश्न विचारला होता : माझं खासगी दुःख आणि रसिकाला नाटक बघताना होणारा करुण, यांत फरक काय? त्यांचं उत्तर साधारणीकरण. कलेत ती भावना कुणा एकाची राहत नाही.

हे घरी तपासायचं तर ती आठवण नसलेल्या माणसाला चित्र दाखवा. त्यालाही धरून ठेवलं तर चित्रात काहीतरी आहे. नाही ठेवलं तर ओढ तुमची आहे, आणि मग फ्रेम तुमच्या मनासारखी करा, जाणकारांना विचारू नका. त्या गृहस्थांना मी सागवानीच लावून दिली. फक्त कागदाच्या त्या बाजूला माउंट दोन इंच जास्त ठेवला.

अर्थ कळल्यावरही आवड हलते. पणजीत मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या प्रवेशाशी निळ्या-पांढऱ्या फरश्यांच्या भिंती आहेत, जोर्ज कोलासूने १९३५ मध्ये केलेल्या. पाहुण्यांना मी तिथे नेतो आणि आधी काही सांगत नाही. सगळ्यांना निळा आवडतो. मग सांगतो की ही पोर्तुगीज कवी कामोइशच्या महाकाव्यातली दृश्यं आहेत, वास्को द गामाच्या सफरीची. काही जणांना तेव्हा चित्रं दिसायला लागतात, जहाज कुठलं, वादळ कुठलं. काही जणांचा चेहरा कडू होतो. दोन्ही खरंच. मात्र क्रम सांभाळा : आधी डोळे, मग पाटी. उलट केलं तर आपण पाटीच आवडून घेतो.

सहीचंही तेच. हान व्हॅन मेगरेनने रंगवलेलं ख्रिस्ताचं एक चित्र १९३७ मध्ये जुना डच चित्रकार व्हर्मीर याचं म्हणून मोठमोठ्या जाणकारांनी डोक्यावर घेतलं, आणि १९४५ मध्ये त्याने स्वतःच कबुली दिल्यावर त्याच चित्रातल्या जड पापण्या सगळ्यांना दिसल्या. रंगाचा थेंबही बदलला नव्हता. प्रदर्शनात किंमत आणि नाव बघण्याआधी सहीवर बोट धरून बघा. गायतोंडेंचं एक चित्र २०१३ मध्ये तेवीस कोटींच्या वर गेलं हे कळल्यावर त्यांच्या चित्रासमोर लोक जास्त वेळ थांबतात, पण त्या जास्तीच्या वेळात ते चित्र बघत असतात की कोटी, हे त्यांचं त्यांनाच ठाऊक.

पट्ट्या मी फुकट देतो, माउंटचे तुकडे पडलेलेच असतात. क्लिपा मात्र परत आणा. सध्या माझ्या सात जोड क्लिपा लोकांच्या स्वयंपाकघरांच्या वाटांवर आहेत, त्यातली एक जोडी दोन वर्षांपासून. त्या बाईंना विचारलं तर म्हणाल्या, ‘भाई, अजून ठरत नाही. पण काढू नका.’